आकडा खरा, पण कशाचा?

२००६ साली ‘जिओफिजिकल रिसर्च लेटर्स’ या नियतकालिकात एक निबंध आला आणि हवामानशास्त्रज्ञांच्या वर्तुळात खळबळ उडाली. जॉन लायमन, जॉश विलिस आणि ग्रेगरी जॉन्सन या अमेरिकी संशोधकांच्या हिशेबानुसार २००३ ते २००५ या काळात जगातील समुद्रांचा वरचा थर तापायचे सोडून चक्क थंड झाला होता. हरितगृह वायू वाढताहेत, हिमनद्या वितळताहेत, समुद्राची पातळी चढते आहे आणि पाणी मात्र थंड होते आहे, हे गणित कोणालाच जुळवता येईना. हवामानबदल ही थाप आहे म्हणणाऱ्यांच्या हाती आयतेच कोलीत मिळाले. पुढच्याच वर्षी दुरुस्ती प्रसिद्ध झाली. समुद्र थंड झालेलाच नव्हता. चूक झाली होती ती दोन मोजणीव्यवस्थांची सांगड घालताना.

त्यातली एक व्यवस्था जुनी. एक्सबीटी नावाचा तापमापक चालत्या जहाजावरून समुद्रात टाकतात. केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेने तो जहाजाशी जोडलेला असतो, बुडता बुडता तापमान कळवत राहतो आणि तार संपली की तुटून तळाला जातो. त्याच्यात दाब मोजण्याची सोय नसते. तो किती खोल गेला हे टाकल्यापासून किती सेकंद लोटले यावरून काढतात, म्हणजेच तो ठरलेल्या वेगाने बुडतो असे धरून चालतात. प्रत्यक्षात हा वेग तापमापक कोणत्या साली बनला आणि पाणी किती गार आहे यांवर बदलतो. त्यामुळे एक्सबीटीच्या नोंदी एकंदरीत समुद्र किंचित उबदार दाखवत. दुसरी व्यवस्था आर्गो या जागतिक प्रकल्पाच्या, समुद्रात वाहत राहणाऱ्या स्वयंचलित फ्लोटांची. ती एरवी भरवशाची. पण त्या काळात सोडलेल्या फ्लोटांच्या एका गटात तापमान चुकीच्या दाबाशी जोडले जात होते आणि पाणी आहे त्याहून थंड भासत होते. नेमकी त्याच वर्षांत आर्गोची संख्या झपाट्याने वाढली आणि एकूण नोंदींतला एक्सबीटीचा वाटा घटला. उबदार बाजूला कललेली साधने कमी होत गेली, थंड बाजूला कललेली वाढत गेली आणि सरासरीत अख्खा महासागर थंड झाला.

हीच गोष्ट उलट्या दिशेनेही घडून गेली होती. समुद्राच्या उष्णतेच्या जुन्या आलेखांत १९७०च्या दशकात एक उंचवटा दिसे. तो का आला याचे स्पष्टीकरण हवामानाच्या प्रारूपांना कधी देता आले नाही. एक्सबीटीच्या नोंदी दुरुस्त केल्यावर तो बराचसा सपाट झाला.

समुद्रातले वेगवेगळ्या जातकुळीचे सेन्सर एकत्र काम कसे करतील, हा प्रश्न म्हणूनच वाटतो तितका निव्वळ तांत्रिक नाही. तारा जुळवणे, फायली जुळवणे हे त्याचे सोपे टोक. आकड्याबरोबर त्याची कुळकथा प्रवास करते की नाही हे अवघड टोक, आणि या लेखाचा भर त्यावर आहे. आज समुद्र मोजणाऱ्यांची संख्या कमी नाही. आर्गोचे सुमारे ४,००० फ्लोट हजार मीटर खोलीवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत उतरतात आणि वर येताना दाब, तापमान, क्षारता मोजून उपग्रहाला कळवतात. उष्ण कटिबंधात नांगरलेले बोये आहेत: प्रशांत महासागरात टाओ, अटलांटिकमध्ये पिराटा, हिंदी महासागरात रामा. संशोधन जहाजे आहेत, महिनोन्‌महिने एकटे फिरणारे ग्लायडर आहेत, तळावरच्या केबलींना जोडलेल्या वेधशाळा आहेत, बंदरांतले भरतीमापक आहेत, वर उपग्रह आहेत. दक्षिण महासागरात एलिफंट सील या प्राण्याच्या डोक्यावर चिकटवलेला सेन्सरही बर्फाखालची क्षारता कळवतो, आणि त्या कामाबद्दल सीलने अजून तरी तक्रार केलेली नाही.

या व्यवस्था वेगळ्या आहेत याला कारणे आहेत. हवामानाचा अंदाज करणाऱ्याला नोंद तासाभरात हवी असते; ती थोडी खडबडीत असली तरी चालते. हवामानबदल अभ्यासणारा वर्षभर थांबतो, पण दशकानुदशके टिकणारी अचूकता मागतो. त्सुनामीचा इशारा देणाऱ्याला क्षारतेशी कर्तव्य नसते, तळावरच्या दाबात काही सेकंदांत झालेला सूक्ष्म फरक तेवढा हवा असतो. पैसा वेगळ्या खात्यांचा, गरज वेगळी, त्यामुळे साधने आणि नोंदण्याच्या रीतीही वेगळ्या झाल्या. सगळ्यांनी एकच उपकरण वापरावे हा उपाय सुचवायला सोपा आहे. तो वाईट का आहे, ते पुढे येईल.

प्रश्न जुना आहे. १८५३ साली अमेरिकी नौदलाचे मॅथ्यू फाँटेन मॉरी यांच्या पुढाकाराने ब्रुसेल्सला दहा देशांचे प्रतिनिधी जमले आणि जहाजांनी वारा, दाब, प्रवाह, पाण्याचे तापमान यांच्या नोंदी एकाच नमुन्यात ठेवाव्यात असे ठरले. रकाने एक झाले, पण रकान्यात लिहायचा आकडा कसा मिळवायचा हे ज्याच्या त्याच्या रिवाजावर राहिले. ब्रिटिश जहाजांवर कॅनव्हासच्या बादलीने पाणी ओढून त्यात तापमापक बुडवत. बादली वर येईस्तोवर बाष्पीभवनाने पाणी निवे. अमेरिकी जहाजांवर इंजिन थंड करण्यासाठी आत घेतलेल्या पाण्याचे तापमान पाहत. ते इंजिनखोलीच्या उष्णतेने किंचित चढलेले असे. दुसऱ्या महायुद्धात बहुतेक नोंदी अमेरिकी जहाजांच्या होत्या. युद्ध संपताच ब्रिटिश जहाजे परतली, बादल्याही परतल्या. १९४५च्या उत्तरार्धात जगाच्या समुद्रपृष्ठाचे तापमान एकाएकी सुमारे ०.३ अंशाने घसरलेले दिसते ते यामुळे. हे ‘नेचर’मध्ये २००८ साली मांडले गेले, म्हणजे साठहून अधिक वर्षे ती घसरण खरी समजून लोक तिच्यावर सिद्धांत रचत होते.

तारांच्या टोकाविषयी थोडक्यात. समुद्रातली बरीच उपकरणे अजूनही आरएस-२३२ या १९६०च्या दशकातल्या सिरियल जोडणीवर चालतात. जोडणी सारखी असली तरी प्रत्येक उत्पादकाचे उपकरण आपापल्या बोलीत उत्तर देते, आणि वेधशाळेच्या अभियंत्याला प्रत्येकासाठी स्वतंत्र ड्रायव्हर लिहावा लागतो. कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंगच्या मॉन्टेरे बे अ‍ॅक्वेरियम संशोधन संस्थेने यावर ‘पक’ नावाचा साधा तोडगा काढला. उपकरणाच्या पोटातच थोडी स्मृती ठेवायची आणि तिच्यात उपकरणाने स्वतःची ओळख लिहून ठेवायची: मी कोण, कोणी बनवले, कोणता अनुक्रमांक, माझी नोंद कशी वाचावी. उपकरण जोडताच वेधशाळा ती ओळख वाचून घेते. ओपन जिओस्पेशियल कन्सॉर्टियमने २०१२ साली याला मानक म्हणून मान्यता दिली. कल्पना इतकी सरळ आहे, की ती सार्वत्रिक का झाली नाही याचे नवल वाटते. उत्तर बाजारात आहे. ग्राहक आग्रह धरत नाही तोवर उत्पादकाला आपली बोली सोडण्यात फायदा नसतो.

फायलींच्या बाबतीत जगाने बरीच मजल मारली आहे. अमेरिकेतल्या युनिडाटा केंद्राचे नेटसीडीएफ हे स्वरूप आता जवळपास सर्वमान्य आहे. त्यावर सीएफ नावाचे संकेत बसवले आहेत, म्हणजे कोणत्या राशीला कोणते नाव द्यायचे आणि एकक कसे लिहायचे हे ठरून गेले आहे. लिव्हरपूलचे ब्रिटिश समुद्रविज्ञान डेटा केंद्र संज्ञांचा मोठा कोश यंत्रांना वाचता येईल अशा रूपात सांभाळते. याच काळात ‘सेन्सर वेब’ नावाची फार महत्त्वाकांक्षी योजनाही आली. सेन्सरचे संपूर्ण वर्णन करणारी तिची सेन्सरएमएल ही भाषा विचाराने उत्तम आहे, पण वापरायला इतकी जड, की छोट्या प्रयोगशाळांनी तिला लांबूनच नमस्कार केला. त्याउलट अमेरिकेच्या नोआ संस्थेत बॉब सायमन्स यांनी तयार केलेली ईआरडीडॅप ही सेवा पसरत गेली. ती कोणालाच आपले स्वरूप सोडायला सांगत नाही. देणाऱ्याकडून मिळेल त्या रूपात डेटा घेते आणि मागणाऱ्याला हव्या त्या रूपात देते. समुद्रविज्ञानातल्या मानकांच्या इतिहासातून मला दिसते ते एवढेच, की लोकांच्या सवयींशी भांडणारी मानके हरतात आणि मधे उभी राहून दुभाषाचे काम करणारी टिकतात.

फाइल उघडली, राशीचे नावही कळले. खरी गंमत यापुढे आहे. प्रत्येक आकड्याच्या शेजारी दर्जाचा एक शेरा असतो, एका अंकाचा. आर्गोमध्ये १ म्हणजे चांगली नोंद, २ म्हणजे बहुधा चांगली, ३ म्हणजे बहुधा वाईट, ४ म्हणजे वाईट. ० म्हणजे तपासलेलीच नाही. आता १९९०च्या दशकातल्या वोस या जागतिक मोहिमेच्या फायली घ्या. तिथे सीटीडीच्या, म्हणजे क्षारता, तापमान आणि खोली मोजणाऱ्या उपकरणाच्या, नोंदीला १ म्हणजे कॅलिब्रेशन न केलेली, आणि चांगली नोंद म्हणजे २. अमेरिकेच्या किनारी व्यवस्थेत, क्वार्टॉडच्या नियमांनुसार, १ म्हणजे उत्तीर्ण आणि २ म्हणजे तपासलेली नाही. वर्ल्ड ओशन डेटाबेस या जगातल्या सर्वांत मोठ्या साठ्यात चांगली नोंद म्हणजे ०. एखाद्या विद्यार्थ्याने चारही साठे एकत्र केले आणि नेहमीच्या सवयीने १ आणि २ शेऱ्यांच्या नोंदी ठेवल्या, तर त्याच्या हाती आर्गोच्या चांगल्या नोंदी लागतील, वोसच्या चांगल्यांबरोबर कॅलिब्रेशन न झालेल्याही येतील, अमेरिकी किनाऱ्याच्या न तपासलेल्या येतील, आणि चौथ्या साठ्यातल्या तर चांगल्या नोंदी गळून नापास झालेल्याच उरतील. संगणक कुठेही अडणार नाही. आलेखही सुबक येईल.

आंतरशासकीय समुद्रविज्ञान आयोगाने २०१३ साली शेऱ्यांची एक सामायिक पद्धत सुचवली आणि क्वार्टॉड तीच वापरते. पण जुन्या फायलींचे शेरे कोण बदलणार? बदलले तर त्या फायलींवर बेतलेली शेकडो सॉफ्टवेअर कोण दुरुस्त करणार? म्हणून जुने शेरे आहेत तसे आहेत आणि प्रत्येक नव्या संशोधकाला ही ठेच एकदा लागतेच.

शेरे निदान फाइलमध्ये दिसतात. राशींच्या अर्थातले फरक तर डोळ्यांना दिसतही नाहीत. तापमानाचेच घ्या. १९६८ ते १९९० या काळातल्या नोंदी १९६८च्या आंतरराष्ट्रीय तापमानश्रेणीवर आहेत, नंतरच्या १९९०च्या श्रेणीवर. दोन्हींत फरक नगण्य, २८ अंशांवर सुमारे ०.००७ अंश. पण आर्गोच्या तापमापकाची अचूकता ०.००२ अंशाची सांगितली जाते. म्हणजे अरबी समुद्रासारख्या उबदार पाण्यात श्रेणीचा गोंधळ हा सेन्सरच्या अचूकतेच्या तिप्पट भरतो. क्षारतेत भानगड अधिक मोठी. समुद्राच्या पाण्यातले मीठ कोणी तोलत नाही; पाण्याची विद्युतवाहकता मोजून त्यावरून १९७८च्या सूत्राने ‘व्यावहारिक क्षारता’ काढतात, आणि तिला एकक नसते. २०१०पासून अधिकृत झालेल्या टीईओएस-१० पद्धतीत हिशेब ‘निरपेक्ष क्षारते’चा, एक किलो पाण्यात किती ग्रॅम क्षार याचा. ३५ व्यावहारिक क्षारतेचे प्रमाण पाणी नव्या हिशेबात ३५.१६५ ग्रॅमच्या आसपास येते. आर्गोचे क्षारतेचे लक्ष्य ०.०१ आहे. दोन्ही आकडे ३५च्या घरातले असल्याने नजर फसते. म्हणूनच साठ्यांत व्यावहारिक क्षारताच ठेवावी आणि निरपेक्ष क्षारता हिशेबाच्या वेळी काढावी असा दंडक आहे. तो शहाणपणाचा आहे.

पीएचची अवस्था याहून नाजूक. औद्योगिक क्रांतीपासून समुद्रपृष्ठाचा पीएच सुमारे ०.१ने उतरला, आणि समुद्राच्या आम्लीकरणाची सगळी चिंता त्या ०.१ची आहे. साध्या प्रयोगशाळेतला पीएच मीटर बाजारात मिळणाऱ्या बफर द्रावणांवर लावतात. त्याची श्रेणी वेगळी. समुद्रवैज्ञानिक समुद्राच्या पाण्यासाठी बनवलेली ‘टोटल’ श्रेणी वापरतात. एकाच पाण्याचे या दोन श्रेणींतले आकडे ०.१हून थोड्या अधिक फरकाने वेगळे येतात. म्हणजे श्रेणी कोणती हे न लिहिलेली जुनी नोंद नव्या नोंदीशेजारी ठेवली, तर दीडशे-दोनशे वर्षांचे आम्लीकरण केवळ कारकुनी चुकीतून उभे करता येते, किंवा गायबही करता येते. दिशांचा किस्सा साधा पण तितकाच उपद्रवी आहे. वाऱ्याची दिशा तो जिकडून येतो ती. प्रवाहाची दिशा तो जिकडे जातो ती. लाटांच्या बाबतीत दोन्ही चाली आहेत, आणि फाइलमध्ये लिहिले नसेल तर १८० अंशांची चूक सहज होते. समुद्राच्या ‘पृष्ठभागाचे’ तापमानही एक नाही. उपग्रहाच्या अवरक्त कॅमेऱ्याला दिसते ती काही मायक्रोमीटर जाडीची पाण्याची त्वचा. जहाज पाणी घेते काही मीटर खालून. निवांत, कडक उन्हाच्या दुपारी या दोहोंत एका अंशाहून जास्त फरक पडू शकतो, आणि दोन्ही बरोबर असतात.

जमिनीच्या व्यवहारात सातबारा पाहिल्याशिवाय कोणी इसार देत नाही. समुद्राच्या आकड्यांचे व्यवहार मात्र वर्षानुवर्षे उताऱ्याविना झाले. कोणत्या सेन्सरने, कोणत्या खोलीवर, कोणत्या श्रेणीत, शेवटचे कॅलिब्रेशन कधी, नंतर कोणी कोणती दुरुस्ती केली: याला मेटाडेटा म्हणतात. तो नंतर गोळा करू म्हटले की राहतो. उपकरण समुद्रात सोडणारा तंत्रज्ञ बदली होऊन जातो, वही कपाटात राहते, कपाट भंगारात जाते.

आता एकच उपकरण सर्वांनी वापरण्याविषयी. आर्गोमध्ये हे जवळजवळ झालेच होते. तापमान-क्षारतेचा सेन्सर बव्हंशी सी-बर्ड या एकाच अमेरिकी कंपनीचा. नोंदी एकसारख्या, तुलना सोपी. मग २०१०च्या दशकाच्या उत्तरार्धात लक्षात आले, की काही अनुक्रमांकांच्या सेन्सरांत क्षारता हळूहळू जास्त दिसू लागते, आणि तीही अपेक्षेपेक्षा फार लवकर. एकच कारखाना असल्याने दोष जगभर पसरला होता. तो ध्यानात आणून देण्यात वेगळ्याच व्यवस्थांचा हात होता. उपग्रहाने मोजलेली समुद्रपातळीची वाढ ही पाण्याच्या प्रसरणाची आणि त्यात भर पडलेल्या वस्तुमानाची बेरीज असायला हवी. वस्तुमान गुरुत्वाकर्षण मोजणारे ग्रेस उपग्रह सांगतात, प्रसरण आर्गो सांगते. २०१६नंतर ही बेरीज जुळेना. न जुळण्याचा काही भाग आर्गोच्या बिघडलेल्या क्षारतेचा निघाला. बीजीसी आर्गोच्या, म्हणजे समुद्रातले जैवरासायनिक घटक मोजणाऱ्या, फ्लोटांवरील हरितद्रव्यमापकांचेही तसेच झाले. त्यांचे आकडे सरासरी दुप्पट येतात हे २०१७ साली दिसले, ते पाण्याच्या नमुन्यांतून काढलेल्या हरितद्रव्याशी ताडून पाहिल्यावर. सगळे एकाच साच्याचे असते तर चूकही एकमुखी झाली असती आणि तीच सत्य ठरली असती. वेगळ्या व्यवस्था एकमेकींच्या लेखापरीक्षक असतात. जोडणी हवी ती यासाठी. विविधता मोडून काढण्यासाठी ती नको. आर्गोने आता कॅनडाच्या आरबीआर कंपनीचा सेन्सरही स्वीकारला आहे, हे चांगलेच झाले.

आर्गोचे यश दुसऱ्या एका सवयीत आहे. प्रत्येक नोंद दोनदा प्रसिद्ध होते. पहिल्यांदा २४ तासांच्या आत, यंत्राने ढोबळ तपासणी केल्यावर. दुसऱ्यांदा साधारण वर्षभराने, माणसाने बघून, आजूबाजूच्या जहाजी नोंदींशी ताडून, दुरुस्त केल्यावर. मूळ आकडा आणि दुरुस्त आकडा दोन्ही फाइलमध्ये शेजारी शेजारी राहतात. हे दुसरे काम कंटाळवाणे आहे. त्याला बातमीमूल्य नाही आणि अनुदानाच्या अर्जात ते शोभून दिसत नाही. अख्खी व्यवस्था त्यावर उभी आहे.

हिंदी महासागराकडे वळू. २६ डिसेंबर २००४ला त्सुनामी आली तेव्हा या महासागरात तिचा इशारा देणारी व्यवस्थाच नव्हती. त्यानंतर जे उभे राहिले ते जोडणीचे चांगले उदाहरण आहे. हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेत ऑक्टोबर २००७मध्ये भारताचे त्सुनामी केंद्र सुरू झाले. भारत, ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशिया आज सबंध महासागरासाठी इशारे देतात. भूकंपमापक एकाचे, तळावरचे दाबमापक दुसऱ्याचे, भरतीमापक तिसऱ्याचे असले तरी संदेशाचा नमुना आणि वेळ ठरलेली आहे, कारण उशिराची किंमत जिवांत मोजावी लागते हे सगळ्यांनी पाहिले होते. गोव्याच्या दोना पावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मोबाइल नेटवर्कवर चालणारे भरतीमापक स्वतः बनवले. १२ सप्टेंबर २००७ला सुमात्रात भूकंप झाला तेव्हा त्यानंतरच्या त्सुनामीच्या लाटा गोव्यात आणि कवरत्ती बेटावर अशा मापकांनी इंटरनेटवर थेट दाखवल्या. महागडी उपकरणे आयात केल्याशिवाय काही होत नाही, ही समजूत त्याने बरीच सैल झाली.

मुंबईच्या अपोलो बंदराची समुद्रपातळीची नोंद १८७८पासूनची आहे. हिंदी महासागरातल्या सर्वांत लांब नोंदींत ती मोडते आणि जगभरचे अभ्यासक लिव्हरपूलच्या साठ्यातून ती घेतात. पण भरतीमापक पाणी मोजतो ते धक्क्याच्या सापेक्ष. धक्का खचला तर समुद्र वर आल्यासारखा दिसतो. १९९२पासूनचे उपग्रह मोजतात ते पृथ्वीच्या केंद्राच्या संदर्भात. दोन्हींची सांगड घालायची तर भरतीमापकाशेजारी उपग्रहाधारित स्थाननिश्चितीचा कायमचा ग्राहक बसवून जमीन स्वतः हलते किती हे मोजावे लागते. त्याशिवाय नाविक नकाशाची शून्य पातळी वेगळी, सर्व्हे ऑफ इंडियाची उंचीची शून्य पातळी वेगळी. किनारी रस्त्याची उंची, पावसाळी नाल्याच्या मुखाची पातळी आणि उधाणाची भरती हे तीन आकडे तीन शून्यांवरून लिहिलेले असतील, तर शहर किती बुडेल या चर्चेला अर्थ राहत नाही.

ऑक्सिजनचे उदाहरणही आपल्याच किनाऱ्यावरचे. अरबी समुद्राच्या मध्यम खोलीत जगातला एक मोठा ऑक्सिजनविरळ पट्टा आहे, आणि पावसाळ्याच्या अखेरीस असे पाणी पश्चिम किनाऱ्याच्या उथळ भागावर चढते. राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था १९९७पासून कांदोळीच्या किनाऱ्यासमोर एकाच जागी त्याच्या नोंदी घेत आली आहे. समुद्रवैज्ञानिक ऑक्सिजन किलोमागे मायक्रोमोलमध्ये सांगतात, जुनी पुस्तके लिटरमागे मिलिलिटरमध्ये, आणि प्रदूषण नियंत्रण मंडळे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. लिटरमागे १ मिलिलिटर म्हणजे १.४३ मिलिग्रॅम, म्हणजेच लिटरमागेच सुमारे ४४.७ मायक्रोमोल. हा गुणाकार शाळकरी पोराला जमेल. अडचण वेगळी आहे. सांडपाण्यामुळे मेलेले मासे आणि समुद्रातून वर आलेल्या ऑक्सिजनहीन पाण्याने मेलेले मासे यांत फरक करायचा, तर खाडीतल्या नोंदी आणि खुल्या समुद्रातल्या नोंदी एकाच आलेखावर आणाव्या लागतात. त्यासाठी दोन्हीकडे खोली, वेळ आणि मोजण्याची पद्धत लिहिलेली हवी. वेळेवर तर स्वतंत्र प्रकरण होईल: निम्म्या नोंदी भारतीय प्रमाणवेळेत, निम्म्या जागतिक वेळेत, आणि साडेपाच तासांत भरतीची ओहोटी होते.

खोल समुद्रात चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेचे ओम्नी बोये आहेत आणि भारत-अमेरिका सहकार्यातले रामा बोयेही. बोयाखाली मासळी जमते, मासेमारी नौका त्याला बांधल्या जातात, सेन्सर तुटतात, कधी सौरपट्ट्याही जातात. याला नासधूस म्हणून सोडून देणे सोपे आहे. पण त्याच मच्छीमारांना इन्कॉइस मासळीच्या संभाव्य क्षेत्रांचे आणि लाटांचे इशारे देते. लाटांचा अंदाज ज्यावरून पडताळतात त्यांत रत्नागिरीसमोरचा लाटमापक बोयाही आहे. आपल्या होडीच्या इशाऱ्यामागे तो बोया आहे हे तांडेलाला सांगणे, हाही जोडणीचाच भाग धरायला हवा.

राजकारण टाळून हा आढावा पुरा होणार नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायद्याच्या २४६व्या कलमानुसार अनन्य आर्थिक क्षेत्रात संशोधन करायला किनारी देशाची संमती लागते. आर्गोचा फ्लोट प्रवाहाबरोबर कोणाच्याही हद्दीत शिरतो. २००८ साली आंतरशासकीय आयोगाने यासाठी पूर्वसूचनेची पद्धत घालून दिली. त्याने काम चालले आहे. पण ऑक्सिजन, पीएच, हरितद्रव्य मोजणाऱ्या नव्या फ्लोटांबाबत देश अधिक सावध आहेत, कारण त्यातून मासेमारीविषयी बरेच कळते. किनाऱ्याजवळच्या नोंदींवर सुरक्षेचे कारण देऊन कुलूप लावणारे देश अनेक आहेत. काही कुलपे रास्त असतील. पण बऱ्याचदा नोंद गुप्त असते ती संरक्षणामुळे नव्हे, तर ती द्यायची कोणाच्या सहीने हे ठरलेले नसते म्हणून. बंद ठेवलेला डेटा दुसऱ्या कोणाच्या नोंदीशी ताडला जात नाही, त्यामुळे त्यातली चूकही सुखरूप राहते.

या सगळ्यातून माझे मत बनले आहे ते असे. नवी मानके आता पुरे. नेटसीडीएफ आहे, सीएफचे संकेत आहेत, संज्ञांचे कोश आहेत, दुभाषी सेवा आहेत. कमतरता आहे ती उपकरण खरेदीच्या क्षणी शिस्तीची आणि त्यानंतर वर्षानुवर्षे नोंदी तपासत बसणाऱ्या माणसांची. भारतात सेन्सर बनू लागले आहेत, किनाऱ्यावर बंदरे, प्रदूषण मंडळे, महापालिका, विद्यापीठे आपापले मापक बसवत आहेत. प्रत्येक खरेदी सार्वजनिक पैशातून होते आणि तिची निविदा निघते. त्या निविदेत चार अटी घालायला कोणाची हरकत नसावी: उपकरणाने आपली ओळख यंत्राला वाचता येईल अशा रूपात द्यावी, कच्चा आकडा आणि दुरुस्त आकडा दोन्ही मिळावेत, एकक, श्रेणी, शून्य पातळी आणि वेळ प्रत्येक फाइलमध्ये लिहिलेली असावी, आणि खरेदीच्या रकमेतला ठरलेला हिस्सा पुढच्या पाच वर्षांच्या कॅलिब्रेशनसाठी व ते करणाऱ्या माणसासाठी राखून ठेवावा. बंदर खात्यांनी आणि मंडळांनी पुढच्या खरेदीपासून एवढे सुरू करावे.